हिराबाईंच्या रक्ताची साक्ष

रिपोर्ट नॉर्मल आला की माणसं खूश होतात, देवाला नारळ फोडतात, लॅबवाल्यांनासुद्धा थँक्यू म्हणतात. नॉर्मल रिपोर्ट हातात पडला की तोंड पाडणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, ती हिराबाई. दौंडला स्टेशन रोडवर एका मेडिकलच्या दुकानावर आमची लॅब आहे. खोल्या दोन, यंत्रं जुनी, आणि काम करायला मी. रक्त काढून झालं की पेशंट कापसाचा बोळा दाबत खाली चहाला जातात. हिराबाई जायच्या नाहीत. स्टूल ओढून त्या माझ्या टेबलासमोर बसायच्या आणि तासभर स्वतःच्याच रक्ताकडे बघत राहायच्या.

ईएसआर नावाची एक तपासणी असते, तिला खरंच तास लागतो. उंच, बारीक काचेच्या नळीत रक्त भरायचं आणि नळी स्टँडला उभी करायची. लाल भाग हळूहळू खाली बसतो, वर पिवळसर पाणी उरतं. तासानंतर ते पाणी किती मिलिमीटर झालं ते वाचायचं. अंगात कुठे सूज, संधिवात, जंतू असं काही शिजत असेल तर लाल भाग भराभर खाली बसतो आणि आकडा मोठा येतो. दुसरी तपासणी सीआरपी. तीही सुजेचीच, पण ती यंत्रात होते, बघण्यासारखं काही नसतं. त्यामुळे हिराबाईंचा सगळा जीव त्या नळीत. गुडघ्यावर कोपर टेकवून त्या नळीशी हळू आवाजात बोलायच्या, "बस की रं बाबा. बस खाली. किती उभा ऱ्हाशील?"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. मी म्हटलं, काकू, तुम्ही डोळे वटारले म्हणून ते घाबरून खाली बसणार नाही, जा, चहा पिऊन या. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"तुला हसायला काय जातंय," त्या म्हणाल्या. "दुखणं माझं, आन् साक्ष ह्याची. साक्षीदारच फितूर झाला तर मी कुणाकडं जाऊ?"

साक्षीदार त्या दिवशी फितूर झाला. त्यानंतरही होत राहिला. ईएसआर नॉर्मल, सीआरपी नॉर्मल, संधिवाताची आरए फॅक्टर निगेटिव्ह. कधीमधी एखादा आकडा रेषेला जरासा शिवायचा आणि हिराबाईंच्या डोळ्यांत चमक यायची. मग डॉक्टर सांगायचे की एवढ्याला काही अर्थ नाही, आणि ती चमक जायची.

त्या मूळच्या दौंडच्या बाजूच्या. भाऊ रेल्वेत, कॉलनीत राहायचा, म्हणून तपासणीला इकडे येणं. सासर नदीपलीकडे, मांडवगण फराट्याला. ऊस, कांदा, आणि हिराबाईंच्या हौसेखातर एक तुकडा शेवंतीचा. पन्नाशी ओलांडलेली बाई, पण उंच, रुंद हाडाची, गालांवर लाली. बघणाऱ्याला वाटावं, हिला कसली धाड भरलीय. हेच त्यांचं दुर्दैव होतं. खंगलेल्या, वाकलेल्या बाईवर लोक पटकन विश्वास ठेवतात. हिराबाई लॅबचा जिना चढून आल्या की मागून येणारा त्यांचा बारीकसा नवराच पेशंट वाटायचा आणि त्या त्याला घेऊन आलेल्या वाटायच्या.

दुखणं कधी सुरू झालं ते त्यांनाही नीट सांगता यायचं नाही. आधी मान आणि खांदे, मग कमरेचा पट्टा, मग मांड्या, मनगटं, पायाचे तळवे. आज इथे जास्त, उद्या तिथे, पण अंगाचा एकही भाग पूर्ण सुटलेला नाही. झोप लागायची ती कुत्र्याची. "सकाळी उठते तवा वाटतं, रातभर मला कुणीतरी खळ्यात टाकून मळलंय," असं त्या म्हणायच्या. नातू पळत येऊन मांडीवर पडला तर कळ डोक्यात जायची. पोराला दूर ढकलायचं कसं, म्हणून दात आवळून त्याला कुरवाळत बसायच्या. हे त्यांनी मला दंडाला पट्टा बांधत असताना सांगितलं, तेही असं की जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट. पट्टा आवळला की त्यांचा श्वास अडकायचा. सुई टोचताना मात्र काहीच नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, सुईचं दुखणं शहाणं असतं, येतं आणि जातं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक डॉक्टरबाई बसतात. वयानं तरुण, बोलायला मऊ, आणि पेशंटचं बोलणं पूर्ण होईपर्यंत थांबणाऱ्या. त्यांनी या दुखण्याला नाव दिलं, फायब्रोमायल्जिया. हिराबाईंना आणि त्यांच्या नवऱ्याला समोर बसवून त्यांनी समजावलं. रक्तात सूज सापडत नाही ही चांगली गोष्ट आहे, सांधे झिजत नाहीयेत. पण याचा अर्थ दुखत नाही असा नाही. दुखणं वाहून नेणाऱ्या नसाच जास्त जाग्या झाल्यात, साध्या स्पर्शाचीही त्या बोंब ठोकतात. या दुखण्यात सुजेचे आकडे बहुतेक वेळा नॉर्मलच असतात. औषध आहे, पण झोप हवी, बेताचा व्यायाम हवा, आणि घरच्यांनी समजून घ्यायला हवं.

नवरा म्हणजे बबनराव, गावाचे आप्पा. माणूस वाईट नाही. दारू नाही, हात उचलणं नाही, बायकोला तपासणीला नाही म्हटलं नाही. पण डॉक्टरबाईंचं पहिलं वाक्य ऐकून त्यांच्या मनानं दार लावून घेतलं. जिना उतरताना ते मला म्हणाले, "म्हंजी काय न्हाई. रक्त कवा खोटं बोलतंय का?" शेतात माती तपासून आणली की कागदावर लिहिलं तेवढं खत घालणारा माणूस. कागदावर नाही ते त्यांच्या लेखी जगातच नव्हतं.

मी फटकळ आहे, मी पदरी पडल्यापासून सासूनं हेच ऐकवलंय. मी म्हटलं, आप्पा, रक्त खोटं बोलत नाही, पण त्याला सगळंच विचारलेलं नसतं. ते हसले आणि म्हणाले, मॅडम तुम्ही बायका बायका एक.

खरा घोळ पुढेच होता, आणि तो समजायला त्यांच्याकडची सावड समजायला हवी. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत, म्हणून भावकीतल्या आणि शेजारच्या बायका एकमेकींच्या रानात आळीपाळीनं राबतात. आज तुझ्या वाफ्यात कांद्याची लागण, उद्या माझ्या. हिला सावड म्हणतात. यात लिहिलेलं काही नसतं, पण कुणी किती दिवस वाकलं हे प्रत्येकीला पाठ असतं. सावड घेतली की फेडायची. मरण, बाळंतपण आणि आजारपण एवढ्यालाच सूट. आणि आजारपण म्हणजे दिसणारं आजारपण. हाताला प्लॅस्टर, कपाळावर पट्टी, निदान तापानं फणफणलेलं अंग.

हिराबाईंच्या रानात बायका येऊन लागण करून गेल्या, आणि दुसऱ्याच्या रानात वाकायची वेळ आली तेव्हा हिराबाईंना अंथरुणातून उठवेना. त्यांनी निरोप धाडला, अंग लई दुखतंय. आप्पांनी तोवर नवा रिपोर्ट धाकट्या भावाच्या बायकोला, सुमनला, वाचायला दिला होता, कारण घरात इंग्रजी वाचणारी तीच. सुमननं तो वाफ्यात उभं राहून सगळ्या बायकांना सांगितला. समदं नॉर्मल हाय. वर एक वाक्य जोडलं, तेही हिराबाईंच्या कानावर आलं: "सावड घ्यायला हात धड, फेडायला दुखणं."

सुमन काही राक्षसीण नव्हती. तिचीही कंबर वाकून वाकून मोडायची. कुणाची मोडत नाही? त्या वाफ्यातल्या प्रत्येक बाईचं काही ना काही दुखतच होतं, आणि म्हणूनच हिराबाईंच्या दुखण्याला तिथे किंमत नव्हती. दुसऱ्या दिवशी हिराबाई दोन गोळ्या चावून सावडीला गेल्या. दिवसभर वाकल्या. त्यानंतर चार दिवस न्हाणीपर्यंत जायला भिंतीला धरावं लागलं, आणि पाचव्या दिवशी एसटीनं दौंड गाठून त्या माझ्यासमोर उभ्या. पुन्हा तपासायचंय.

मी त्यांना ओरडले. डॉक्टरांनी लिहून दिलेलं नसताना कशाला पैसे घालवता, आकडा काही बदलणार नाही. त्या स्टूलावर बसल्या आणि इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "शैला, एक काम कर की. थोडा वाढवून लिही. तुझ्या पेनातली शाई सरंल व्हय?"

लोक माझ्याकडे आकडा कमी करून मागतात. नोकरीच्या मेडिकलला साखर कमी कर, विम्याला अमुक कमी कर. वाढवून मागणारी ही पहिलीच. मी चिडले. म्हटलं, काकू, असलं परत बोललात तर जिना चढू देणार नाही. त्यांनी मान हलवली, राग मानला नाही. "न्हाई लिहीत तर नको लिहू," म्हणाल्या. "पर नॉर्मल म्हंजी काय ते तुला ठाव न्हाई. नॉर्मल म्हंजी ऊठ आन् कामाला लाग."

अशी नऊ वर्षं गेली. त्या यायच्या, रक्त द्यायच्या, नळीसमोर बसायच्या. येताना पदराखालून शेवंतीची फुलं आणायच्या, आणि मी ती मायक्रोस्कोपशेजारी ग्लासात ठेवायची. डॉक्टरबाईंच्या औषधानं जरा झोप लागायची, मग ते औषध आप्पांना झोपेची गोळी वाटायचं आणि बंद व्हायचं. मुलगा शिक्रापूरला कंपनीत, खोली भाड्यानं घेऊन राहिलेला. तो फोनवर आईला योगा कर म्हणून सांगायचा आणि व्हिडिओ पाठवायचा. हिराबाई म्हणायच्या, ज्याचं जळतं त्याला कळतं, बाकीचे शेकत बसतात.

मागच्या दिवाळीनंतर त्या आल्या तेव्हा मला पहिल्यांदा त्या आजारी दिसल्या. गालांची लाली उतरली होती, ब्लाउजच्या बाह्या सैल झाल्या होत्या. जिना चढून आल्यावर बराच वेळ बोलता आलं नाही. मी रक्त घेतलं, नळी उभी केली आणि दुसऱ्या पेशंटकडे वळले. थोड्याच वेळात त्यांनी हाक मारली. आवाज असा की मला वाटलं नळी फुटली.

"शैला, बसलं की गं. बघ तरी. बसलं."

लाल भाग खरंच खाली जात होता, नजरेसमोर. मी आधी स्टँड तपासला, कारण नळी तिरकी असली तरी आकडा खोटा वाढतो. स्टँड सरळ होता. दुसऱ्या नळीत पुन्हा भरलं. तीही तशीच. तास संपला तेव्हा आकडा शंभराच्या पुढे होता. हिमोग्लोबिन एकदम खाली. सीआरपी मात्र जेमतेम वाढलेली. मी आकडा परत वाचला. आणि समोर हिराबाई पदरानं डोळे पुसत हसत होत्या. लग्नात मुलीची आई हसते तशा. "मी सांगत व्हते का न्हाई?" एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

मी लॅब उघडी टाकून त्यांना हाताला धरून खाली डॉक्टरबाईंकडे नेलं. डॉक्टरबाईंनी कागद बघितला आणि त्यांचा चेहरा बदलला. त्या म्हणाल्या, सूज असती तर दोन्ही आकडे जोडीनं चढले असते. हा एकटाच एवढा का चढला, हे बघायला हवं. रक्ताच्या आणखी तपासण्या, पाठीचा एक्स-रे, आणि हे या आठवड्यातच. हे तुमचं जुनं दुखणं नसावं काकू, काहीतरी नवीन आहे. हिराबाई मान डोलवत होत्या. आप्पांनी जसं अर्धंच ऐकलं होतं तसं त्या दिवशी हिराबाईंनीही अर्धंच ऐकलं. त्यांना फक्त चढला हा शब्द ऐकू आला होता. खाली झेरॉक्सच्या दुकानात जाऊन त्यांनी त्या रिपोर्टला लॅमिनेशन करून घेतलं.

ठरलेल्या दिवशी त्या आल्या नाहीत. त्या आठवड्यातही नाहीत, पुढच्याही नाहीत. मी फोन केला तर आवाजात अशी टवटवी की मला क्षणभर बरं वाटलं. सांगत होत्या, आप्पांनी रिपोर्ट स्वतः चारचौघांत दाखवला. सुमन सकाळचा चहा अंथरुणात आणून देते. आणि सावडीच्या बायका सगळा कांदा लावून गेल्या, वर बजावून गेल्या की फेडायचं मनात आणू नका, आधी बऱ्या व्हा. शिरूरच्या एका वातवाल्याला रिपोर्ट दाखवला होता. तो म्हणाला, वात रक्तात उतरलाय, आणि पुड्या दिल्या. पुड्यांनी बरं वाटतंय. मी म्हटलं, ते सगळं राहू द्या, तुम्ही रक्त द्यायला या. त्यांनी बघू म्हटलं आणि फोन ठेवला. नंतर त्यांनी माझे फोन उचलायचं बंद केलं.

डॉक्टरबाई रोज विचारायच्या, त्या मांडवगणच्या काकू आल्या का. शेवटी एका रविवारी मी सुया, बाटल्या पिशवीत घातल्या आणि एसटीनं मांडवगणला गेले. पेशंट येत नसेल तर लॅबनं जायचं, आम्ही म्हाताऱ्यांसाठी तसं करतोच. मुलाला फोन करून सांगितलं होतं. तो म्हणाला, बघा मॅडम तुमचं ऐकते का, आम्ही तर थकलो.

स्लॅबच्या घराच्या ओसरीवर हिराबाई खाटेवर बसल्या होत्या. पाठीला उशी, अंगावर धुतलेली चादर, उशाशी पाण्याचा तांब्या. सुमन आत त्यांच्यासाठी भाकरी थापत होती. घरात एक प्रकारचा मान पसरलेला होता, आजाऱ्याच्या घरात असतो तसा. मला बघून त्या हरखल्या, सुमनला चहा टाकायला सांगितलं. मी पिशवी उघडून सुई काढली तशी त्यांनी हात चादरीखाली घेतला.

मी आधी लाडीगोडी केली, मग रागावले, मग सरळ सांगितलं की हे कॅन्सरसारखंही काही असू शकतं. त्या खाली बघत होत्या. सुमन चहा ठेवून आत गेल्यावर त्या दबक्या आवाजात बोलल्या.

"पुन्यांदा काढलं आन् नॉर्मल आलं तर?"

"तर चांगलंच की."

"तुला चांगलं. ह्या बायका माझ्या रानात फुकट वाकल्यात, पोरी. ह्यांनी मला खुर्ची दिली बसायला. आता नॉर्मल आलं तर मी गावाला तोंड कसं दाखवू? म्हणतील, बघा, सोंगच व्हतं. आधी निदान सोंग म्हणत व्हते. मग चोर म्हणतील."

मी म्हटलं, जीव गेला तर? चहा पिऊन घे, निवतोय, म्हणाल्या. हात शेवटपर्यंत चादरीखालीच होता. त्या बाईच्या दंडावर मी कितीदा पट्टा बांधला असेल, आणि आज मला तिचा हात ओढून काढता येईना. आप्पा रानातून आले तेव्हा मी त्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, औषध चालू हाय की शिरूरचं, आराम हाय, उगं टोचून टोचून हैराण कशाला करायचं. नऊ वर्षांनी माणूस बायकोची काळजी घ्यायला लागला होता, आणि ती अशी. मी रिकाम्या बाटल्या घेऊन परत आले. एसटीत मला रडू आलं, आणि ते दुःखाचं कमी, संतापाचं जास्त होतं.

कांदा काढणीला आला तेव्हा हिराबाई एकदा अंथरुणातून उठून पाण्याची कळशी उचलायला वाकल्या, आणि जागच्या जागी खाली बसल्या. पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. मुलानं पुण्याला नेलं. तिथे कळलं, हाडांच्या मगजातला कॅन्सर. पाठीचा मणका आतून पोखरून चेपला होता, मूत्रपिंडं थकली होती. पुण्याच्या डॉक्टरांनी मुलाला सांगितलं की हा आजार मुळासकट जात नाही, पण वेळेत औषध लागलं तर पुष्कळ माणसं चांगली काही वर्षं काढतात, चालतीबोलती. मुलानं लॅबमध्ये येऊन हे मला सांगितलं. तो माझ्या टेबलासमोरच्या स्टूलावर बसला होता आणि मला त्याला तिथून उठवावंसं वाटत होतं.

औषधं झाली, पण शरीरानं साथ सोडली. पावसाळ्यात त्यांना घरी आणलं. मी भेटायला गेले तेव्हा तीच ओसरी, तीच खाट, पण बाई अर्धी उरलेली. कमरेखाली काही कळत नव्हतं. विनोद असा की त्यामुळे पायांचं जुनं दुखणं थांबलं होतं. ते त्यांनीच मला सांगितलं आणि हसल्या. मला हसता आलं नाही. सुमन त्यांचं सगळं करत होती, अंग पुसणं, कूस बदलणं. कुरकुर न करता. ती बाहेर गेल्यावर हिराबाईंनी मला जवळ बोलावलं.

"तुझ्यावर राग न्हाई माझा," त्या म्हणाल्या. "तू आलीवतीस."

मी त्यांचा हात धरला. मग त्या म्हणाल्या, "मला कळत व्हतं गं. जुनं दुखणं अंगभर हिंडायचं. हे नवं पाठीत एका जागी बसलं व्हतं, रातीचं कुरतडायचं. दोन्ही येगळी. मला न्हाई कळणार तर कुणाला?"

"मग काकू, बोलला का नाहीत?"

"नव्याच्या नावावर जुन्याला इसावा मिळत व्हता. इतकी वर्षं त्याला कुणी पाणी इचारलं न्हाई. म्हटलं, घेऊ दे चार दिस."

मला त्यांचा भयंकर राग आला. मरणाच्या दारातल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण आला. एका खोट्या समजुतीसाठी या बाईनं काही वर्षांचं आयुष्य टाकून दिलं होतं. आणि त्याच वेळी हेही कळत होतं की ते काही महिने, अंथरुणात चहा मिळण्याचे आणि कुणी सोंग न म्हणण्याचे, त्यांच्या इतक्या वर्षांतले सगळ्यात चांगले महिने होते. असल्या गोष्टीचं काय करायचं असतं, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

आखाड संपायच्या आत हिराबाई गेल्या.

दहाव्याला मी गेले. नदीकाठी पिंडाला कावळा शिवला, बायका डोळे पुसत घरी परतल्या. सावडीतल्या सगळ्या होत्या. एकमेकींना सांगत होत्या की बिचारीला खरंच होतं हो, एवढा मोठा आजार अंगात, आणि आपण काय काय बोललो. सुमन एका कोपऱ्यात पदर तोंडाला लावून बसली होती. एसटीची वेळ झाली तशी मी उठले, तर आप्पा म्हणाले, स्टँडपर्यंत येतो.

डोक्याचे केस उतरवलेले, त्यामुळे ते एकदम लहान दिसत होते. आम्ही रस्त्याला लागलो. मग त्यांनी मनातला प्रश्न विचारला, आणि तो विचारण्यासाठीच ते माझ्याबरोबर आले होते हे मला कळलं.

"मॅडम, आधीचे रिपोर्ट नॉर्मलच व्हते ना? म्हंजी कॅन्सर ह्याच साली झाला. त्याच्या आधी तिला काय नव्हतं."

त्यांना माझ्याकडून हो हवं होतं. एका अक्षराचं काम होतं, आणि तेराव्यापर्यंत निदान माणूस शांत झोपला असता. माझी जीभ वळली नाही.

"कॅन्सर नव्हता," मी म्हटलं. "पण दुखत होतं, आप्पा. सगळी वर्षं दुखत होतं. ते वेगळं आणि हे वेगळं. दोन्ही खरं."

ते चालता चालता थांबले. रस्त्यानं उसाच्या पाल्याचा ट्रॅक्टर गेला, तो जाईपर्यंत आम्ही कडेला उभे राहिलो.

"मग मला कळंल असं सांगायचं व्हतं तिनं."

"रोज सांगत होत्या की."

स्टँडवर येऊन आम्ही बाकावर बसलो. एसटी यायची होती. त्यांनी टोपी काढून हातात घेतली, पुन्हा डोक्यावर ठेवली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "कुठं कुठं दुखायचं तिला?"

नऊ वर्षांत हा प्रश्न त्यांनी हिराबाईंना विचारलेला नव्हता. मी मानेपासून सुरुवात केली. मग खांदे, मग पाठ, मग मनगटं. मी एकेक सांगत गेले आणि आप्पा ऐकत राहिले. मध्ये एसटी येऊन गेली, पण त्यांचं ऐकणं संपलं नव्हतं, म्हणून मी ती जाऊ दिली.